चार संगणक आणि अडतीस मुले : प्रोग्रॅमिंग सर्वांपर्यंत कसे पोहोचवावे?

वारणाकाठ (प्रश्न)
शाहूवाडी तालुक्यातील एका शाळेत मी सातवी-आठवीला गणित शिकवतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख आला आणि पुढे एका देणगीदारामुळे शाळेला चार संगणक मिळाले. मात्र ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे तीच दोन-तीन मुले कीबोर्डवर बसतात. वाडीवरून चालत येणाऱ्या मुली मागे उभ्या राहून पाहतात आणि विचारले की "समजलं सर" म्हणतात. ऊसतोड मजुरांची मुले तर दिवाळीनंतर येतात आणि हंगाम संपला की जातात. या सर्वांना केवळ माउस हाताळणे नव्हे, तर प्रोग्रॅमिंगमागचा विचार शिकवायचा असेल, तर सुरुवात कोठून करावी?

संगणकशिक्षिका, राजारामपुरी
सर, पहिला महिना संगणक झाकूनच ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातील प्राध्यापकांनी पुढे आणलेली 'सीएस अनप्लग्ड' ही संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर चालते. पाच पत्त्यांवर १६, ८, ४, २ आणि १ असे ठिपके काढावेत, पाच मुलांना त्याच क्रमाने ओळीत उभे करावे आणि वर्गाला १९ ही संख्या द्यावी. सोळा, दोन आणि एकचा पत्ता उघडा, बाकीचे पालथे. उघड्याला १ आणि पालथ्याला ० लिहिले की होते १००११, म्हणजेच द्विमान पद्धतीतले १९. हे पत्ते कोणी धरायचे ते आपण ठरवावे. मागच्या रांगेतील मुलींपासूनच सुरुवात करावी. प्रत्येक खेळ एका तासात पूर्ण होत असल्याने वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलाचेही काही बुडत नाही.

संगणक उघडल्यावर जोड्या लावाव्यात. एकाने टंकायचे, दुसऱ्याने केवळ तोंडी सांगायचे आणि दर दहा मिनिटांनी जागा बदलायची. घरी संगणक असलेल्या मुलाने आधी सांगणाऱ्याची भूमिका घ्यावी. हात बांधलेले असले की त्यालाही आपला विचार नीट मांडावा लागतो. चार संगणकांवर एका वेळी आठच मुले बसतील, बाकीच्यांनी तोवर वहीत प्रोग्रॅमचा क्रम लिहावा.

गोकुळ शिरगावचा प्रोग्रॅमर
मॅडमशी सहमत आहे, फक्त एक महिना मला जास्त वाटतो. पुढच्या टप्प्यासाठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घ्यावी. आवृत्ती ३ पासून तिच्यात चलांना, म्हणजे किंमत साठवण्याच्या जागांना, देवनागरी नावे देता येतात, त्यामुळे 'टन', 'दर' आणि 'तोडणी_वाहतूक' अशी नावे वापरून उसाच्या बिलाचा हिशेब मुले स्वतः लिहू शकतात : टन गुणिले दर, वजा तोडणी-वाहतूक. हे बिल आपल्याकडच्या बहुतेक घरांत येते आणि ऊसतोड मजुराच्या मुलाला त्यातली तोडणीची बाजू इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते. मूळ आज्ञा आणि चूक दाखवणारे संदेश इंग्रजीतच राहतात, परंतु नेहमी दिसणारे पाच-सहा संदेश अर्थासह भिंतीवर लावले की काम भागते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील अनेक धडे मराठीत असून ते एकदा उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवाय चालतात.

निवृत्त मुख्याध्यापक, गारगोटी
वरील सूचना योग्य आहेत, पण वेळेचा प्रश्न कोणी मांडलेला नाही. शाळा सुटल्यानंतर प्रयोगशाळा उघडी ठेवली, तर तिचा लाभ गावातल्याच मुलांना होतो. वाडीवरच्या मुलींना अंधार पडण्याआधी घर गाठायचे असते, काहींना एसटी पकडायची असते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली, कारण शाळा असूनही शहरात राहण्याची सोय नसेल तर खेड्यातला मुलगा शिकू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून संगणकाचा तास वेळापत्रकातच, शक्यतो मधल्या सुट्टीपूर्वी ठेवावा आणि मोबाइलवर करायचा गृहपाठ देऊ नये, कारण घरातला एकमेव फोन बहुधा वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो.

आणखी एक : प्रगत गटाची निवड गुणांवर करू नका, मागेल त्याला घ्या. जागा अपुऱ्या पडल्या तर चिठ्ठ्या टाका.

वारणाकाठ
सर्वांचे आभार. पुठ्ठे शाळेत आहेतच, सोमवारी ठिपके काढतो. वेळापत्रकासाठी मुख्याध्यापकांशी बोलावे लागेल. मधल्या सुट्टीपूर्वीचा तास सध्या इंग्रजीच्या मॅडमकडे आहे आणि तो सुटणे सोपे नाही.