आइसलंड, जुलै, सोबत आई-बाबा : पूर्ण रिंग रोड की पश्चिम फ्योर्ड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आइसलंडवर इथे आधीचे धागे आहेत, ते वाचून काढले. बहुतेक हिवाळ्यात नॉर्दर्न लाइट्स बघायला गेलेल्यांचे, नाहीतर दोन तरण्या माणसांनी कॅम्परव्हॅनमध्ये झोपून केलेल्या भटकंतीचे. आमचं प्रकरण जरा निराळं आहे, म्हणून नवा धागा काढतेय.

आम्ही दोघं हॅम्बुर्गला असतो. सांगलीहून आई-बाबा उन्हाळ्यासाठी येतायत आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात दहा दिवस आइसलंड हे ठरलंय. केफ्लाविकला उतरून पुढे भाड्याची गाडी. आम्ही दोघंही चालवतो, उजवीकडून चालवायची सवय आहे. बाबा ७१ वर्षांचे, चालायला खुटखुटीत, पण उतार आला की गुडघा कुरकुरतो. आई ६६, शाकाहारी. घाटात दरीच्या बाजूला बसली की डोळे मिटून रामरक्षा सुरू होते.

वाद असा आहे. बाबा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी नकाशा पसरला, रिंग रोड (बेटाला वळसा घालणारा मुख्य रस्ता) १,३२२ किलोमीटर हे वाचलं, दहाने भागलं आणि निकाल दिला : "रोजचे दीडशेसुद्धा होत नाहीत. आमची गाडी सांगली-स्वारगेट करून संध्याकाळी डेपोत परत यायची." त्यांना बेटाची पूर्ण प्रदक्षिणा हवी आहे. त्याहून कमी म्हणजे अर्धवट काम.

मला मात्र वायव्येचा तो पंजासारखा भाग खुणावतोय, पश्चिम फ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे जमिनीत खोल शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी). रिंग रोड तिकडे जातच नाही, त्यामुळे बरेच लोक तो सोडून देतात. लाउत्राब्यार्गचा कडा, तिथले पफिन पक्षी, दिन्यांदीचा धबधबा, आणि प्रत्येक फ्योर्डच्या आत शिरून पुन्हा बाहेर येणारा रस्ता. मला धबधब्यापाशी दहा मिनिटं थांबून फोटो काढून पळायचं नाहीये. पण ज्येष्ठांना घेऊन एवढ्या एकाकी भागात जाणं शहाणपणाचं आहे का, हे कळत नाही.

बाकीचे प्रश्न : फोर बाय फोर गाडी घ्यावीच लागेल का? वाटेत स्वच्छतागृहं मिळतात का? (हसू नका, आमच्या सहलीचं वेळापत्रक यावरच ठरतं.) आईच्या जेवणाचं काय? आणि आई संकष्टी करते. जिथे रात्रीच होत नाही तिथे चंद्रोदय कधी धरायचा, हा तिचा प्रश्न मी जसाच्या तसा इथे मांडतेय.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भटकभवानी :
तुमच्या बाबांचा भागाकार बरोबर आहे, भाज्य चुकलंय. १,३२२ हा निव्वळ मुख्य रस्ता. देत्तीफॉस धबधब्याला आत जा, हुसाविकला देवमासे बघायला वर जा, गीझरचे गरम पाण्याचे फवारे आणि गुलफॉस धबधब्यासाठी आत वळा, की आकडा सहज दोन हजारांकडे जातो. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ९०, खडीच्या रस्त्यावर ८०, गावात ५०. दर वळणावर "थांब थांब, गाडी थांबव" होतं ते वेगळं. दहा दिवसांत रिंग होते, लोक करतात. पण रोज सामान बांधायचं आणि रोज नवी खोली. ज्येष्ठांना त्याचाच जास्त शीण होतो.

मी असते तर असं केलं असतं : रेक्याविकहून स्तिकिसहोल्मुर, दोन-सव्वादोन तास. तिथून 'बाल्दुर' नावाची फेरी गाडीसकट पलीकडे ब्र्यानस्लाइकुरला नेते, साधारण अडीच-तीन तास, मध्ये फ्लातेय बेटाला थांबते. आई-बाबांना तेवढाच आराम. पात्रेक्सफ्योर्दुरला दोन मुक्काम, मग दिन्यांदीवरून इसाफ्योर्दुर, तिथून होल्माविकमार्गे खाली. उरलेले दिवस दक्षिण किनारा, योकुलसार्लोन या हिमनदीच्या तळ्यापर्यंत जाऊन परत. फेरीत गाडीची जागा मात्र आत्ताच राखून ठेवा, जुलैत भरते.

लाउत्राब्यार्गला गुडघ्याची काळजी नको. गाडीतळ दीपगृहापाशीच आहे आणि पफिन तिथून चार पावलांवर. कड्याला टेकायचं नाही, काठाखाली त्यांची बिळं असतात, माती पोकळ असते. काठावरून डोकवायचंच असेल तर पालथं झोपून. दिन्यांदीसुद्धा खालूनच पूर्ण दिसतो. वर चढणारी दगडी वाट तुम्ही दोघं करा.

नकाशे_आणि_नाश्ता :
मी बाबांच्या बाजूने. पूर्वेचे फ्योर्ड आणि मिवात्न तळ्याचा परिसर सोडून आइसलंड बघितलं म्हणायचं? आणि प्रदक्षिणा करायचीच तर खऱ्या प्रदक्षिणेसारखी, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. हे गमतीत म्हणत नाहीये. तिथे वाहतूक उजवीकडून. काट्यांच्या दिशेने गेलात तर तुमची मार्गिका डोंगराला लागून राहते आणि दरी-समुद्र पलीकडे. उलटं गेलात तर समुद्र थेट तुमच्या आईंच्या खिडकीखाली. पूर्वेला कठडे नसलेले पट्टे आहेत, तिथे हा फरक कळतो. बहुतेक लोक दक्षिणेपासून सुरुवात करून उलटे जातात, त्यामुळे गर्दीही थोडी कमी भासते.

आकुरेरीजवळच्या वाड्लाहेदी बोगद्याला टोल आहे पण नाका नाही. ऑनलाइन भरायचा. विसरलात तर गाडीवाल्यांकडून वाढीव बिल येतं.

धागाकर्ती :
डोंगराच्या बाजूची मार्गिका! हे कुठल्याच ब्लॉगवर वाचलं नव्हतं. भटकभवानी, तुमचा पश्चिम फ्योर्डचा मार्गही काट्यांच्याच दिशेने जातोय ना? मग तिथेही हाच फायदा. आईला सांगितलं, तिचं मत माझ्याकडे झुकलंय. बाबा अजून "अर्धवट" वर अडून आहेत.

गुरवांचा_नातू :
बाबांना सांगा, शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते. गोमुखापर्यंत जायचं, तीर्थाची धार ओलांडायची नाही, आल्या वाटेने परत फिरायचं. सोमसूत्री म्हणतात तिला. योकुलसार्लोनला हिमनदीचं पाणी तळ्यातून समुद्राला जातं त्यावर रिंग रोडचा पूल आहे. तिथून मागे फिरा. शास्त्रोक्त.

धागाकर्ती :
😂 वाचून दाखवलं. बाबा पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "पुलाच्या अलीकडे पार्किंग आहे का बघ."

काळा_पाषाण :
आहे, अलीकडे तळ्याकाठीच. जाता जाता, पश्चिम फ्योर्डबद्दल एक सांगतो. आइसलंडचा सगळ्यात जुना खडक तिथला, सुमारे दीड कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटींचा. पण जात एकच, बसाल्ट. लाव्हाचे थरावर थर, सपाट माथे, पायऱ्या पडलेले कडे. फरक एवढाच की तिथे हिमनद्यांनी दऱ्या खरवडल्या, मग त्यात समुद्र शिरला, आणि झाडं जवळपास नाहीत. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला पहिल्या दिवशी "हे आपल्याकडेही आहे" वाटतं आणि दुसऱ्या दिवशी वाटेनासं होतं. मला तरी हा भाग दक्षिणेपेक्षा कितीतरी जास्त आवडला, पण मी दगड बघायला जाणारा माणूस आहे, माझ्या मतावर घरचे भांडतात.

वीकजवळ रेनिसफियारा किनाऱ्यावर खांबांची भिंत बघाल. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब तसेच झाले : लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला उभ्या भेगा जातात. मात्र रेनिसफियाराला पाण्यापासून लांबच थांबा. शांत वाटणाऱ्या समुद्रातून अचानक एखादी लाट खूप आत येते आणि माणसाला ओढून नेते. जीव गेलेले आहेत. धोक्याचे दिवे लावलेत, ते पाळा. आई-बाबांची समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका.

वाऱ्यावरची_वरात :
गाडीबद्दल. नावात 'एफ' असलेले आतले डोंगरी रस्ते करणार नसाल तर फोर बाय फोरची सक्ती नाही. ते रस्ते साधारण जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैत उघडतात, तिथे कायद्यानेच फोर बाय फोर लागते, आणि ओढे गाडीतून ओलांडावे लागतात. पाण्यात गाडीचं नुकसान झालं तर विमा हात वर करतो. ज्येष्ठांना घेऊन नकोच. आतल्या डोंगराळ भागातलं लांदमन्नालॉइगर बघायचंच असेल तर रेक्याविकहून उन्हाळ्यात उंच चाकांच्या बस जातात. पण पश्चिम फ्योर्डमध्ये खडीचे पट्टे अजून आहेत, लाउत्राब्यार्गचा रस्ता तर खडीचाच. म्हणून जमिनीपासून जरा उंच गाडी घ्या. आई-बाबांना चढाउतरायलाही तीच बरी.

खडीचा विमा (खडी उडून गाडीचं होणारं नुकसान भरून देणारा) घ्या. आणि वाऱ्यात दार उघडताना हाताने घट्ट धरा, गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा. वाऱ्याने दार उलटं फिरलं तर तो खर्च बहुतेक विम्यात नसतो. आमच्या गाडीवाल्याने दाराच्या बिजागरीचे एवढे पैसे लावले की तेवढ्यात एक माणूस आणखी नेला असता.

डांबरी संपून खडी सुरू होते तिथे आधीच वेग कमी करा. बरेच पूल एका गाडीपुरते असतात, जो आधी पोचला तो आधी जातो. मेंढ्या उन्हाळाभर मोकळ्या : आई रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर थांबाच, ते आईकडे धावणार. दिवे दिवसाही चालू ठेवायचे. रोज सकाळी रस्त्यांची आणि हवामानाची सरकारी संकेतस्थळं बघा, मदतीला ११२.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. बरेच पंप माणसाविना चालतात, पिन असलेलं कार्ड हवं. स्वच्छतागृहं : पेट्रोल पंप, पोहण्याचे तलाव, मोठ्या स्थळांचे गाडीतळ. दोन गावांच्या मध्ये काहीच नाही आणि आडोशाला झाडही नाही, तेव्हा पंप दिसला की सगळ्यांनी उतरायचं.

साबुदाणा_एक्सप्रेस :
जेवण : स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घ्या, छोट्या गावांत हॉटेलं कमी आणि महाग. बोनुस किंवा क्रोनान सुपरमार्केट दिसलं की भाज्या, दही, ब्रेड भरून घ्या, पुढच्या गावात मिळेलच असं नाही. मेतकूट, पोहे, भाजणी हॅम्बुर्गहून न्या. नळाचं गार पाणी थेट प्या, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाण्याला काही ठिकाणी गंधकाचा वास येतो, त्यात चहा करू नका.

बहुतेक गावांत गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव असतो, बाबांच्या गुडघ्याला औषध. मात्र आत जाण्याआधी कपडे पूर्ण काढून अंग धुवावं लागतं, आणि बायकांच्या न्हाणीघरात ते सगळ्यांसमोरही असू शकतं. आईंना आधी सांगून ठेवा. काही ठिकाणी पडदा असतो. माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी बाहेर बसल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनाच बाहेर काढावं लागलं.

संकष्टीला पंचांगातली सांगलीची वेळ धरा. रेक्याविकलाही त्या दिवसांत सूर्यच रात्री साडेअकरा-बाराला मावळतो आणि तीननंतर परत येतो, उजेडात चंद्राला शोधत कुठे बसता? झोपायला डोळ्यांवरच्या पट्ट्या मात्र चार घ्या, सगळीकडे जाड पडदे नसतात.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरतंय : स्तिकिसहोल्मुर, फेरी, पात्रेक्सफ्योर्दुरला दोन रात्री, इसाफ्योर्दुरला एकच, मग एक लांबचा दिवस खाली बोर्गारनेसपर्यंत, आणि शेवटी दक्षिण किनारा पुलापर्यंत. उत्तर-पूर्व पुढच्या वेळी. फेरीची जागा काल रात्रीच घेतली.

दोन गोष्टी अजून अडल्यात. चार माणसं आणि चार बॅगा मध्यम एसयूव्हीत खरंच बसतात का, की मोठीच घ्यावी? आणि इसाफ्योर्दुर ते बोर्गारनेस हा दिवस बाबांना झेपेल, की होल्माविकला रात्र काढून दक्षिणेतली एक कमी करू? बाबांचं म्हणणं "झेपेल", पण चालक मी आहे. कुणी हा पट्टा एका दिवसात केला असेल तर किती वाजता निघालात आणि कुठे कुठे थांबलात, तेवढं लिहा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.