रविवार पद्मिनीचा, मग सासऱ्यांचं कोण बघणार?

माशेलची सून
परवा आपल्या या गोव्याच्या फोरमवर एका सद्गृहस्थांनी लिहिलं: जुन्या गाडीचा नाद असलेला माणूस घराला कधी जड होत नाही. दारू नाही, कॅसिनो नाही. रविवारी चार तास गाडीखाली आडवा पडतो, बायकांनी तेवढं समजून घ्यावं. खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग. म्हणून हे लांबण.

आमच्याकडे 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे. सासऱ्यांनी घेतलेली, आता नवऱ्याचा जीव तिच्यात. सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेत. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ सोलवटते. रविवारी नर्सिंग ब्युरोची बाई येत नाही. मी पेज भरवत असते, ते चमचा दातात धरून ठेवतात, सोडत नाहीत, आणि अंगणातून हाक येते, "गो, जरा सेल्फ मार, पॉइंट्स बघतोय." म्हणजे नाद त्याचा, हेल्पर मी. नादाबद्दल तक्रार नाही. गाडीला वार ठरलेला आहे. बाकी सगळ्याला मी.

फोंड्याचा फियाटवाला
ते सद्गृहस्थ मीच. आपल्याकडचे पावसाचे चार महिने ताडपत्रीखाली काढलेल्या गाडीला हात लावला नाही, तर बॅटरी उतरते, ब्रेक शू ड्रमला चिकटतात, पायाखालचा पत्रा गंजून हातात येतो. ही चैन नाही. आणि मी मासळी आणतो, साफ करतो, विळीवर बसून नारळही खवतो. माझ्या आईला नव्या उंच गाडीत चढवत नाही. पद्मिनीच्या पुढच्या सलग सीटवर टेकते, पाय आत घेते, झालं. बांबोळीच्या हॉस्पिटलात तपासणीला तीच गाडी नेते.

म्हापशेकर
गाडी नेते हो, पण पेट्रोलचं काय? वीस टक्के इथेनॉल आल्यापासून माझ्या फियाट 1100 च्या फ्युएल पंपाचा डायाफ्राम गेला, होज फुगले. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यात आपली हवा. यावर कोणी बोलत नाही.

माशेलची सून
कारण धागा त्यावर नाही.

डिचोलीकर
1978 ची गाडी व्हिंटेज नव्हे हां. 2021 च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण लागतात. मग गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पण रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

नोटरीचा नातू
ताई, तुम्ही विनंती कशाला करताय? लग्नाआधी वेगळा करार नसेल तर आपल्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून नवरा-बायकोचं सगळं निम्मं-निम्मं. निम्मी पद्मिनी तुमची.

फोंड्याचा फियाटवाला
मग इंजिनाच्या रिबोअरिंगचं निम्मं बिलही त्यांचं.

माशेलची सून
आनंदाने. निम्म्या कुशी तुम्ही बदला.

नोटरीचा नातू
थांबा. गाडी अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे का? सासूबाई हयात आहेत?

माशेलची सून
त्यांच्याच नावावर. सासूबाई गेल्या.

नोटरीचा नातू
मग माझं वरचं विधान मागे. निम्मी गाडी सासऱ्यांची. सासूबाईंची निम्मी मुलांकडे गेली. मुलं किती? इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतली कायदेशीर वाटणी, केलीत का?

माशेलची सून
नवरा आणि वास्कोची नणंद. इन्व्हेंटरी कसली, बारावं कसंबसं उरकलं.

नोटरीचा नातू
म्हणजे मृत्युपत्र वगैरे नसेल तर नवऱ्याचा पाव हिस्सा, त्यातला निम्मा तुमचा. तुमच्या वाट्याला पद्मिनीचा आठवा भाग.

डिचोलीकर
स्टेपनी आणि जॅक.

पेडण्याची शिक्षिका
हसू नका. पाव गाडी नणंदेची असेल तर पाव रविवारही तिचे. तिला वास्कोहून बोलवा कूस बदलायला. आमच्याकडे सासूबाईंच्या आजारपणात जमिनीचा वाटा मागायला चौघं हजर होती, बेडपॅन धरायला मी एकटी. त्यातल्या एकाने तर हॉस्पिटलमध्ये, सासूबाई शुद्धीवर असताना, त्यांच्यासमोर विचारलं की बाणवलीच्या प्लॉटचे कागद कुठे आहेत. त्यावर कुठली संहिता लागू होते, सांगा नातूसाहेब.

नोटरीचा नातू
मी कायदा सांगितला, समाजसेवा नाही.

पेडण्याची शिक्षिका
दिसलं ते.

फोंड्याचा फियाटवाला
बायकांना प्रत्येक गोष्टीत हिशेब हवा! माझे वडील आजारी असताना रात्री मीच जागायचो. तेव्हा कुणी धागे काढले नाहीत.

माशेलची सून
कारण तुम्ही दिवसा झोपत होतात आणि तेव्हा घर कुणीतरी चालवत होतं. विचारून बघा घरात.

तिसवाडीचा निवृत्त
दोन्हीकडून पेटलंय म्हणून लिहितो. बायकोचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी ॲम्बेसेडर विकली. लोकांनी पाठ थोपटली. विकल्यावर तो वेळ कुठे गेला? मोबाईलवर आणि ताळगावच्या नाक्यावर. ती म्हणायची, गाडी होती तेव्हा निदान अंगणात तरी असायचास, हाकेला ओ द्यायचास. तेव्हा गाडी विकून काही सुटत नाही, ताई.

माशेलची सून
विका म्हटलंय कुठे मी? वेळापत्रक लावा म्हणते. सकाळी सातची आणि नऊची कूस त्याची, मग खुशाल कार्बोरेटर उघड. पेज भरवणंही एक आड एक रविवार.

फोंड्याचा फियाटवाला
बरं बाई, आम्हा गाडीवाल्यांच्या वतीने सांगतो, सातची ठीक. नऊला इंजिन उघडलेलं असतं, हात ग्रीसने भरलेले.

पेडण्याची शिक्षिका
साबण मिळतो फोंड्यात.

फोंड्याचा फियाटवाला
नऊचीही ठीक, म्हटलं. आता चतुर्थी तोंडावर आहे. भिंती धुवायच्या, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, त्यात माझी पासिंगची तारीख. तेवढा महिना मला कुणी धरू नका.

माशेलची सून
नेवऱ्या, म्हणजे करंज्या, कोण तळणार, ते लिहिलं नाहीत. असो. म्हापशेकर, तो डायाफ्राम कुठे मिळाला? आमची चढावर धापा टाकतेय, आणि नवरा मागे उभा राहून वाचतोय. विचार म्हणतो.

म्हापशेकर
शेवटी आलात ना पेट्रोलवर! सांगतो, पण आधी होज बदला.