२०२१ च्या कोरोना लस टंचाईत नक्की चूक कोणाची होती?

डोंबिवलीकर: एप्रिल २०२१ मधे महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले १४ लाख डोस उरलेत, तीन दिवस पुरतील, आणि त्याच दिवशी तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन म्हणाले राज्य आपलं अपयश झाकतंय. मग खरं कोण बोलत होतं? राजकारण सोडून कोणी सांगेल का

खवचट काका: राजकारण सोडून?? मग धागा इथेच बंद करा 😀

शंतनू_पुणे: दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, पण माझ्या मते खरा घोळ १ मे च्या धोरणाने घातला. निम्मी लस केंद्राला, उरलेली राज्यं आणि खाजगी हॉस्पिटलं यांनी वाटून घ्यायची, आणि तीच कोव्हिशील्ड केंद्राला १५० ला, राज्यांना आधी ४०० मग ३००, खाजगीला ६०० ला. ती बनवणाऱ्या सीरमचा कारखाना आमच्या पुण्याजवळच्या मांजरी गावात, आणि आमच्याच सेंटरच्या गेटवर 'आज लस उपलब्ध नाही' चा कागद चिकटवलेला, आता बोला. १२ मे ला राज्याने १८-४४ चं लसीकरण थांबवलं कारण ४५ च्या वरच्यांचा दुसरा डोस अडला होता. मुंबई पालिकेने तर १ कोटी डोसचं ग्लोबल टेंडर काढून पाहिलं, हाती काही लागलं नाही. शेवटी २१ जूनपासून राज्यांचा वाटाही केंद्रच घेऊन फुकट द्यायला लागलं.

मीनल_ताई: कोरोना टेस्टचं पण लिहा ना कोणीतरी, आरटीपीसीआर सुरवातीला ४५०० ला होती, मार्च २०२१ ला सरकारी दर ५०० वर आला. मग आधी नक्की कशाचे पैसे घेत होते?

खवचट काका: काडीला कापूस गुंडाळायचे 🙏