ट्रम्पेटची ललकारी म्हणजे नुसता भपका नव्हे

‘व्हिडिओत ट्रम्पेटची ललकारी टाकणं म्हणजे आळशी भपका, त्यापेक्षा ढोल वापरा’ असं एक मत आहे, ते मला अजिबात पटत नाही. ढोलाचा जीव खर्जात असतो आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर नेमका खर्जच गाळतो. ठाण्याच्या तलावपाळीवर छातीत घुमणारा ढोल फोनवर नुसता टपटपतो. ट्रम्पेटचं उलट आहे. जोरात फुंकलं की त्याचे वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर, वाढतात, आवाज लखलखीत होतो. आपला कान साधारण २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि ते उपस्वर तिथपर्यंत पोचतात. ठाणे स्टेशनच्या कोलाहलातही म्हणूनच तो ऐकू येतो.

शिवाय सुरांचं आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायच्या कळा, येईपर्यंत ट्रम्पेटवर मुख्यतः नैसर्गिक उपस्वरच निघत. सा, प, वरचा सा, ग, पुन्हा प. जुन्या ललकाऱ्या यांतूनच घडल्या. आपल्या तुतारीलाही कळा नसतात, सगळी करामत ओठांची. कौपिनेश्वराच्या गुढीपाडवा स्वागतयात्रेत तुतारी ऐकत वाढलेल्या ठाणेकराला ही सुरांची झेप परकी कशी वाटेल?

मात्र व्हिडिओतलं दृश्य बदललं की दर कटला ललकारी वाजवणाऱ्यांचा मलाही राग येतो. सोसायटीच्या कॅरम स्पर्धेची रील असेल तर विजेत्याचं नाव येताना एकदाच वाजवा, आणि त्याआधी अर्धा सेकंद पार्श्वसंगीत पूर्ण बंद ठेवा.