शोधचौकटीमागे अडकलेले जुने दिवाळी अंक – साइटमॅप पुरेल का?

ग्रंथसेवक: आमच्या वाचनालयाच्या साइटवर जुन्या दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिका टाइप करून टाकल्यात. एका अंकाला एक पान, अशी सहाशेच्या आसपास पानं. चौकटीत लेखकाचं नाव टाकलं की अंक निघतो. बाहेरून सर्च केलं तर मात्र जेमतेम पहिलं पान येतं. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे. पानं जास्त झाली का? साइटमॅप, म्हणजे सर्च इंजिनांसाठी सगळ्या पानांच्या पत्त्यांची यादी, बनवणारं प्लगइन (वर्डप्रेसची जोड-पुरवणी) टाकू का?

मंजिरी_वेब: सहाशे म्हणजे काहीच नाही, एका साइटमॅप फाइलीत 50,000 पत्ते बसतात. प्लगइनही नको, 2020 च्या 5.5 आवृत्तीपासून वर्डप्रेस साइटमॅप स्वतःच बनवतं. फक्त सेटिंग्जमध्ये 'सर्च इंजिनांनी ही साइट घेऊ नये' अशा अर्थाची खूण राहिली नाही ना, ते बघा. ती असेल तर साइटमॅपही बंद राहतो.

पानोपानी: खरी गोम त्या चौकटीत आहे. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, दुव्यांवरून पुढे जातो, चौकटीत लेखकांची नावं टाइप करत बसत नाही. साइटमॅपने त्याला पत्ते कळतील, पण कळलेलं प्रत्येक पान इंडेक्समध्ये, म्हणजे सर्चमध्ये दाखवायच्या पानांच्या साठ्यात, जाईलच असं नाही. आणि वाचकाचं काय? 1974 चे अंक चाळायला आलेल्या माणसाने कोणाचं नाव टाकायचं? आधी सालवार यादीचं पान करा, मग लेखकांचं अ ते ज्ञ. प्रत्येक अंकाखाली मागच्या नि पुढच्या वर्षाच्या अंकाचा दुवा द्या. एवढ्या कष्टाने टाइप केलेलं लोकांच्या हाती पडलंच पाहिजे हो!

ग्रंथसेवक: सालवार पटलं, आमचं रजिस्टरही तसंच आहे. आणखी एक, मराठी पत्ते मध्येच तुटतात. ते साइटमॅपला चालतं?

मंजिरी_वेब: चालतं. पत्त्यात देवनागरीचं एकेक अक्षर टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ खुणांचं होतं, काना-मात्राही वेगळी मोजतात. वर्डप्रेस 200 खुणांवर कापतं, म्हणजे बावीस अक्षरांत खेळ आटोपला. नव्या पानांना अंकाचं नाव आणि साल एवढाच पत्ता द्या. जुने चालू पत्ते उगाच बदलू नका.

साइटमॅपमध्ये प्रायॉरिटीचे, म्हणजे कुठलं पान किती महत्त्वाचं याचे आकडे भरण्यात वेळ घालवू नका, गूगल ते बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख बघतं, पण ती खरी असेल तरच. पूर्वीची पिंग करायची, म्हणजे साइटमॅप बदलल्याचं परस्पर कळवायची सोय गूगलने 2023 मध्ये बंद केली. तेव्हा सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) साइटमॅप एकदा जमा करा, आणि सालवार यादी झाली की तिथल्या अहवालात किती पानं इंडेक्समध्ये गेली ते इथे कळवा.