थंडीत बार उशिरा उडतोय, मॅग्नम प्रायमर घ्यावा का?

मंडळी, रीलोडिंगवाल्यांची मदत हवी आहे. माझी रायफल .३०-०६, काडतुसं घरीच भरतो, बॉल पावडर (गोल दाण्यांची बारूद) आणि साधा लार्ज रायफल प्रायमर (काडतुसाच्या बुडातली टोपी, पिन आदळली की पेटून बारूद पेटवते ती). उन्हाळ्यात, हिवाळ्याच्या सुरुवातीला काहीच तक्रार नाही, पण पारा उणे २० च्या आसपास गेला की ट्रिगर दाबल्यावर आधी टक आवाज येतो आणि मग क्षणभराने बार होतो, म्हणजे सरळ हँग फायर. रेंजवर असताना ठीक आहे, नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबतो आणि मगच बोल्ट उघडतो, पण शिकारीत समोर जनावर असताना त्या क्षणभरात नळी हलली तर जनावर जखमी होऊन पळणार, आणि ते मला अजिबात नकोय. म्हणून हे सुटेपर्यंत ही काडतुसं घेऊन जंगलात जाणार नाही.

आता जे तपासलंय ते सांगतो म्हणजे तेच परत विचारलं जाणार नाही. बोल्ट खोलून फायरिंग पिन आणि स्प्रिंगवरचं सगळं तेल काढलं, कारण थंडीत तेल घट्ट झालं की पिन हळू आदळते आणि आपण उगाच प्रायमरला नावं ठेवतो. प्रायमरवर ठसा चांगला खोल पडतोय. प्रायमर पॉकेट, म्हणजे तो बसतो ते खळगे, साफ असतात आणि प्रायमर तळाला टेकेपर्यंत बसवलेला असतो, केसच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) पातळीच्या किंचित खाली, कारण वर राहिला तर पिनची निम्मी ताकद त्याला आत ढकलण्यातच जाते.

त्यामुळे संशय पावडर पेटण्यावरच येतो. बॉल पावडरच्या दाण्यांवर डिटेरंटचा, म्हणजे जळणं मंदावणाऱ्या रसायनाचा, लेप असतो, ती मुळातच पेटायला जड, त्यात थंडी. मॅग्नम प्रायमरची ज्योत जास्त गरम आणि जास्त वेळ टिकणारी, म्हणून सीसीआय २५० किंवा फेडरल २१५ घ्यावा असं वाटतंय. पण मॅग्नम म्हणजे प्रेशर वाढणार, तेव्हा नुसता प्रायमर बदलून तोच चार्ज (पावडरचं माप) ठेवायचा नाही, मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या चार्जपासून परत वर यायचं एवढं पक्कं ठरवलंय. आणि थंडीत बसवलेला लोड उन्हात जास्त प्रेशर देऊ शकतो, ही काळजी आहेच, विशेषतः बॉल पावडरमध्ये, तापमानाचा परिणाम तिच्यावर बऱ्यापैकी होतो.

दुसरा रस्ता म्हणजे पावडरच बदलायची, एच४३५० सारखी काडीच्या आकाराची, जी तापमानाला फारशी दाद देत नाही आणि या केसमध्ये चांगली भरते, आणि प्रायमर साधाच, फेडरल २१० किंवा सीसीआय २००. मला मनातून हाच रस्ता जास्त पटतो कारण मूळ दुखणं पावडरचं आहे असं वाटतं, पण बॉल पावडर भरपूर शिल्लक आहे आणि मापायला ती इतकी सोपी की सोडवत नाही.

तर ज्यांनी खरोखर कडक थंडीत शिकार केलीय त्यांना विचारतो, बॉल पावडरला मॅग्नम प्रायमर लावून हँग फायर पूर्ण गेलं का, की नुसतं कमी झालं? काडतुसं रात्रभर बाहेर गारठवून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) कोणी मारून बघितलीत का, वेगातला फरक किती आला? आणि मॅग्नम लावल्यावर ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, पसरला का? चार्जचे आकडे नकोत, ते मी मॅन्युअलमधूनच घेईन, फक्त प्रायमर आणि पावडरच्या कुठल्या जोडीवर तुमचा थंडीत भरवसा आहे तेवढं सांगा.