हवानाचे ‘एल फ्लोरिदिता’: आवर्जून जावे की टाळावे?

मुसाफिर (धागाकर्ता):
क्यूबाला जाऊन आलेले बरेच जण ‘एल फ्लोरिदिता’ हा बार म्हणजे पर्यटकांसाठी मांडलेला देखावा आहे, असे सांगतात. मला ते पटत नाही. जुन्या हवानात ओबिस्पो आणि मोन्सेराते या रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८१७ साली, म्हणजे आपल्याकडे खडकीची लढाई झाली त्याच वर्षी, ‘चांदीचा अननस’ अशा अर्थाच्या नावाने हे मद्यगृह सुरू झाले आणि पुढे कोन्स्तान्तिनो रिबालाइगुआ या कातालान बारमनने दाइकिरी या रमच्या कॉकटेलला येथूनच जगभर लौकिक मिळवून दिला. लाल कोटातला बारमन पांढरी रम, लिंबाचा रस, साखर आणि बर्फ मिक्सरमध्ये घुसळत होता, तेवढ्यात दाराजवळ बोंगो सुरू झाला, आणि थोड्या वेळाने मिक्सरची घरघरसुद्धा तालात आहे की काय असे वाटू लागले. एवढ्यासाठी गर्दी सोसायला माझी हरकत नाही.

तालवेडा:
गर्दी कशासाठी असते, हे आपण लिहिलेले नाही. ती असते या बारमध्ये नेहमी येणाऱ्या अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या ब्राँझच्या पुतळ्यासाठी. २००३ साली बसवलेल्या त्या पुतळ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढणाऱ्यांची रांग वादकांच्या पुढ्यातूनच सरकत असते आणि ‘सोन’ हा संगीतप्रकार त्या गोंगाटात पार्श्वसंगीत होऊन जातो. ‘सोन’ मुळात पूर्व क्यूबातला. तो ऐकायचा तर तिकडच्या सान्तियागो शहरातील एरेदिया रस्त्यावरच्या ‘कासा दे ला त्रोवा’ या गाण्याच्या बैठकीत बसावे. तेथे तारांच्या तीन जोड्या असलेल्या ‘त्रेस’ या गिटारसारख्या वाद्याचा झणत्कार आणि ‘क्लावेस’ या दोन लाकडी दांड्यांचा ठोका वेगवेगळा कानावर पडतो. तो ठोका एकदा पकडता आला की बाकीची वाद्ये त्याच्याभोवती कशी फिरतात, हे आपोआप उमगते.

सातारकर:
दोघांनीही पैशाचा मुद्दा सोडला. ‘एल फ्लोरिदिता’मधील एका पेल्याची किंमत सरकारी पगारावर जगणाऱ्या हवानाकराच्या आवाक्याबाहेरची आहे, त्यामुळे समोर श्रोते म्हणून परदेशीच उरतात. मात्र म्हणून वादकांना कमी लेखू नये. संगीतबारीत दौलतजादा होतो म्हणून लावणी खोटी ठरते काय? गाणे झाल्यावर टोपली फिरते, तेव्हा तीत सढळ हाताने टाकावे.

मुसाफिर:
सातारकरांशी सहमत. पुतळ्याच्या रांगेविषयी तालवेडा यांचे म्हणणेही मान्य, कारण मीसुद्धा त्या रांगेत उभा होतो आणि तेवढ्या वेळात एक गाणे वाजून संपले. परंतु ज्याच्या हाती हवानाचे दोनच दिवस आहेत, त्याला आठशेहून अधिक किलोमीटर दूरच्या सान्तियागोला धाडणे व्यवहार्य नाही. त्याने सकाळी दार उघडताच यावे आणि वादकांच्या बाजूची खुर्ची धरावी.

तालवेडा:
सकाळी अकराला दाइकिरी? आपली हौस दांडगी आहे. खुर्चीचे मात्र पटले.